रोज चालवली जाणारी पोर्शे नाइन-इलेव्हन, तरी बॅटरी बसते: कारण कसं शोधायचं आणि कायमचा उपाय काय

तक्रार ठरलेली असते. गाडी पोर्शे ९११, काही वर्षं जुनी किंवा सेकंडहँड घेतलेली. मालक ती शोकेसमध्ये ठेवत नाही, ऑफिसला नेतो, भाजी आणायला नेतो, मुलांना क्लासला सोडतो. आणि एका सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची माळ लागते, सेल्फ ‘टक’ करतो आणि सगळं गप्प. नवीन बॅटरी टाकली जाते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग कोणी म्हणतं अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) गेला, कोणी म्हणतं जर्मन गाड्यांना आपली हवा मानवत नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘गाडी रोज चालवत जा’ असा सल्ला देऊन मोकळे होतात.

गाडी रोजच चालते आहे. अडचण तिथेच आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. खालचं सगळं ९९१ पिढीच्या, म्हणजे २०११ ते २०१९ मधल्या ९११ ला धरून आहे, पण पोर्शेच्याच केमन-बॉक्स्टरला आणि बऱ्याच अंशी बीएमडब्ल्यू एम किंवा एएमजी गाड्यांनाही लागू पडेल.

आत्ता गाडी बेसमेंटमध्ये मेलेली आहे, तर

आधी हे, कारण घाईघाईत बॅटरीपेक्षा महाग वस्तू मोडतात.

९११ ची बॅटरी पुढे, सामानाच्या कप्प्यात, काचेच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. पुढचं झाकण उघडतं विजेवर. म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की बॅटरीपर्यंत पोचायचा दरवाजाच बंद. घाबरायचं कारण नाही, कंपनीने वाट ठेवलेली आहे. रिमोट चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं, ते काढून चालकाचं दार उघडा. पण दार ओढताना थांबा. या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. एरवी हँडल ओढलं की काच स्वतःहून थोडी खाली सरकते आणि वरच्या रबराच्या खोबणीतून सुटते. करंट नसताना ती सरकत नाही. तशात हिसका दिला तर रबर फाटतं, किंवा काचेची कड दुखावते. एका हाताने काच किंचित आत दाबून धरायची आणि दार हलकेच, सरळ बाहेर काढायचं. एकदा उघडलं की काम संपेपर्यंत पुन्हा लावायचं नाही. बंद करताना वर अडकलेली काच रबरावर आपटते, आणि नुकसान बहुतेक वेळा उघडताना नाही, तर या वेळी होतं.

मग पायाशी असलेला फ्यूज बॉक्स. त्यात लाल टोपीचा एक टर्मिनल असतो, तो बाहेर ओढता येतो. त्याला जम्प पॅकचा (गाडी स्टार्ट करून द्यायच्या सुट्या, छोट्या बॅटरीचा) किंवा दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह लावायचा, आणि नेगेटिव्ह दाराच्या चौकटीवरच्या लोखंडी खुंटीला, जिथे कुलूप अडकतं तिथे. गाडी लॉक असेल तर अलार्म बोंबलायला लागेल, तेव्हा रिमोटचं बटन दाबा आणि पुढचं झाकण सोडवा. हा टर्मिनल फक्त झाकण उघडण्यासाठी आहे. इथूनच गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न करू नका, तेवढा करंट वाहून न्यायची त्या वायरची ताकद नाही. झाकण उघडलं की जम्पर वायर गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावून मगच सेल्फ मारायचा.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी लोक हमखास उलटी करतात. जम्प पॅक पुढच्या डिकीत ठेवू नका. तो घरी ठेवा किंवा सीटच्या मागे. आणि गाडी धडधाकट असताना एका रविवारी ही सगळी कवायत एकदा करून बघा. चावीचं पातं कुठून निघतं, दाराचं कुलूप कुठे आहे, फ्यूज बॉक्सचं झाकण कसं सुटतं, हे अंधाऱ्या बेसमेंटमध्ये मोबाईलच्या उजेडात पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही.

टोइंगवाल्याला लगेच बोलावू नका, कारण पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘पी’मध्ये (पार्किंगमध्ये) अडकलेला असतो, पार्किंग ब्रेक विजेवर चालतो आणि फ्लॅटबेड ट्रक सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरत नाही. गाडी ओढून रॅम्पवर काढायची म्हणजे मागचे टायर घासत न्यायचे. तो मार्ग सगळ्यात शेवटचा.

रोज चालवूनही बॅटरी का भरत नाही

आता मुळाशी जाऊ. बॅटरी समजा ८० अ‍ॅम्पियर-अवरची (एक अ‍ॅम्पियर करंट एक तास वाहिला की एक अ‍ॅम्पियर-अवर). बहुतेकांचा समज असा की सेल्फ मारताना बॅटरी रिकामी होते आणि गाडी चालवताना भरते. पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. सेल्फला करंट प्रचंड लागतो हे खरं, पण लागतो दोन सेकंदच. दोनशे अ‍ॅम्पियर दोन सेकंद धरले तर ते होतात ०.११ अ‍ॅम्पियर-अवर. म्हणजे काहीच नाही.

खरा खर्च गाडी उभी असताना होतो, आणि जागी होताना होतो. पूर्ण झोपलेली, सगळं ठीक असलेली गाडी साधारण ३० ते ५० मिलिअ‍ॅम्पियर खाते: अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, घड्याळ. ५० मिलिअ‍ॅम्पियरने दिवसाला १.२ अ‍ॅम्पियर-अवर, महिन्याला ३६. म्हणजे काहीही बिघाड नसलेली गाडी महिनाभर न हलवता ठेवली तर बॅटरी जवळजवळ निम्मी होते. हा दोष नाही, हिशेब आहे.

पण गाडी अनलॉक केली की तिचे सगळे कंट्रोल युनिट जागे होतात, आणि लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत. कोणी पाच मिनिटांत, कोणी अर्ध्या तासात. त्या वेळात काही अ‍ॅम्पियर वाहत राहतात. ढोबळ धरायचं तर दरवेळी गाडी उठवून पुन्हा झोपवण्याची किंमत एक-दीड अ‍ॅम्पियर-अवर. इंजिन तापलेलं असेल तर मागे इंजिनच्या कप्प्यातला पंखा बंद केल्यावरही फिरत राहतो, त्याचा खर्च वेगळा. दिवसात चारदा गाडी काढली, एकदा सनग्लासेस विसरले म्हणून उघडली, एकदा बायकोला सामान काढायचं होतं म्हणून उघडली, की सहा ते नऊ अ‍ॅम्पियर-अवर गेले. उभ्या गाडीत इग्निशन चालू ठेवून दहा मिनिटं फोनवर बोललात तर आणखी तीन.

आता जमेची बाजू. पुण्यात कोथरूडहून बाणेरला किंवा हिंजवडीला जाणारी गाडी रस्त्यावर किती वेळ असते यापेक्षा इंजिन किती वेगाने फिरत असतं हे बघा. चांदणी चौकाच्या पुढे रांगेत उभी असताना इंजिन आयडलवर, आणि आयडलवर अल्टरनेटर त्याच्या नावावर लिहिलेल्या करंटपेक्षा बराच कमी देतो. त्याच वेळी मागणी सगळ्यात जास्त: एसीचा ब्लोअर पूर्ण, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या रेडिएटरांचे पंखे पूर्ण, पावसाळ्यात दिवे, वायपर आणि मागच्या काचेचा हीटर. अल्टरनेटर जे काढतो त्यातलं बरंचसं गाडीच खाऊन टाकते. वर गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपने इंजिन बंद केलं की तेवढा वेळ ब्लोअर आणि पंखे थेट बॅटरीवर.

शिवाय बॅटरी भरण्याचीही एक गती असते. निम्मी रिकामी असेल तेव्हा ती करंट भराभर घेते, ऐंशी टक्क्यांच्या पुढे मात्र थेंबाथेंबाने. घागरीच्या तोंडाशी पाणी आलं की धार बारीक करावी लागते तसंच. पूर्ण भरायला आठ-दहा तास सलग चार्जिंग लागतं. म्हणून ‘लोणावळ्याला एक फेरी मारून आलो, आता बॅटरी फुल’ यात तथ्य नाही. एक्स्प्रेस वेवरच्या तासाभराने ती चालण्याजोगी होते, पूर्ण होत नाही.

आणि एक बारकावा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ९९१ मध्ये विजेचं रिक्युपरेशन आहे. म्हणजे अल्टरनेटर कायम पूर्ण जोराने चार्ज करत नाही. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडता किंवा ब्रेक मारता तेव्हा फुकट मिळणारी ऊर्जा साठवायला जागा हवी म्हणून बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवली जाते. पेट्रोल वाचतं, इंजिनवरचा भार हलका होतो, योजना उत्तम आहे. पण तिचा अर्थ असा की पूर्णपणे निरोगी, रोज हायवेवर चालणाऱ्या ९११ ची बॅटरीसुद्धा शंभर टक्के भरलेली नसते. ऐंशीच्या आसपास असते. तुमच्या शहरातल्या लहान फेऱ्या त्या ऐंशीतून वजा होत जातात आणि परत ऐंशीपर्यंतही पोचत नाहीत. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात, ते मग चार्ज करूनही विरघळत नाहीत, आणि ८० ची बॅटरी हळूहळू ५० ची होते. मग एका सकाळी ती बसते आणि आपण बॅटरी कंपनीला दोष देतो.

बिघाड आहे की फक्त वापर? हे तीन दिवसांत कळतं

वरचा हिशेब सगळ्यांना लागू आहे, पण काही गाड्यांत खरंच करंट गळत असतो. दोन्हींत फरक करता आला पाहिजे, नाहीतर चार्जर लावून गळती झाकली जाते.

यासाठी बॅटरीला लावायचा छोटा ब्लूटूथ व्होल्टेज मॉनिटर घ्या. स्वस्त असतो, स्वतः नगण्य करंट खातो आणि मोबाईलवर आलेख दाखवतो. आधी बॅटरी चार्जरने पूर्ण भरा, रात्रभर शांत ठेवा, मग वाचन घ्या. चार्जिंग नुकतं थांबलेलं असताना दिसणारा आकडा फसवा असतो. नीट भरलेली एजीएम बॅटरी (या गाड्यांत असणारा, अ‍ॅसिड काचेच्या तंतूंत शोषून ठेवणारा लेड-अ‍ॅसिडचाच सीलबंद प्रकार) विश्रांतीनंतर १२.८ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. १२.३ च्या आसपास ती निम्मी असते. १२ च्या खाली गेली की तिचं आयुष्य कमी होतंय असं समजा.

आता गाडी लॉक करून न हात लावता ठेवा आणि उतार बघा. १२.८ वरून १२.३ ला यायला पंचवीस-तीस दिवस लागतील अशी चाल दिसत असेल तर गाडी निर्दोष आहे, दोष वापरात आहे. तेवढाच उतार तीन दिवसांत झाला तर ४० अ‍ॅम्पियर-अवर तीन दिवसांत गेले, म्हणजे सतत साडेपाचशे मिलिअ‍ॅम्पियरच्या घरात काहीतरी चालू आहे. आणि एकाच रात्रीत १२.८ चे १२.४ होऊन तिथेच स्थिर राहिलं, पुढे उतार नाही, तर गळती नाही. बॅटरीच चार्ज धरत नाही. उताराचा आकार पाहूनच तुम्ही अर्ध्या मेकॅनिकांच्या पुढे गेलेले असता.

आलेखात आणखी एक खूण शोधा: रात्री ठराविक अंतराने येणारे छोटे खड्डे. म्हणजे गाडी मधूनमधून जागी होतेय. बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये हे फार दिसतं, कारण चावी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते आणि गाडी भिंतीपलीकडे. किल्लीविना उघडणाऱ्या गाडीला वाटतं मालक जवळच आहे. चावी आतल्या खोलीत न्या आणि दुसऱ्या रात्रीचा आलेख बघा.

गळती शोधताना

यातलं बरंच काम घरी करता येतं, पण हात थरथरत असतील तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि खालची पद्धत त्याला सांगा. बॅटरीचा नेगेटिव्ह काढून मध्ये मल्टिमीटर लावायची जुनी पद्धत या गाड्यांत नको. वायर सोडवली की सगळी युनिट्स रीसेट होतात, आणि ज्याच्यामुळे करंट जात होता तोच गडी शहाण्यासारखा झोपून जातो. वरून मीटर लावलेला असताना कोणी दार उघडलं तर मीटरचा फ्यूज उडतो. नेगेटिव्ह केबलभोवती बसणारा, डीसी मिलिअ‍ॅम्पियर मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडे असतो तो साधा एसीचा क्लॅम्प इथे कामाचा नाही.

पुढचं झाकण उघडं ठेवूनच मोजायचंय, पण झाकण उघडं असेल तर गाडी झोपत नाही. म्हणून कुलपाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून लॅच बंद स्थितीत फिरवा, ‘कट’ असा आवाज येईल आणि कप्प्यातला दिवा विझेल. (काम झाल्यावर झाकण लावण्याआधी बटनाने लॅच पुन्हा मोकळा करायला विसरू नका, नाहीतर बंद लॅचवर झाकण आपटेल आणि वाकेल.) गाडी लॉक करा, चावी दूर ठेवा, तासभर थांबा. मीटरवरचा आकडा टप्प्याटप्प्याने उतरताना दिसेल: आधी काही अ‍ॅम्पियर, मग एक-दीड, मग एकदम ०.०४. तो जिथे अडून बसतो तिथे तुमचं उत्तर आहे.

पन्नास मिलिअ‍ॅम्पियरच्या वर अडला असेल तर फ्यूज उपटायला जाऊ नका, प्रत्येक फ्यूज काढताना गाडी पुन्हा जागी होते. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात, त्यांवर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. काही दशांश मिलिव्होल्ट दिसले की ती लाइन पकडायची.

पण इतकं खोल जाण्याआधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढून बघा, कारण माझ्या मते दहापैकी बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम अडीचशे मिलिअ‍ॅम्पियर धरला तरी दिवसाला सहा अ‍ॅम्पियर-अवर खातो. त्याच्या वायरिंग किटमध्ये व्होल्टेज कटऑफ असतो, पण दुकानदार तो ११.८ किंवा १२ वर ठेवून देतो. तोपर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते. १२.४ वर ठेवा. डॅशकॅमपेक्षा वाईट म्हणजे ओबीडी पोर्टला (मेकॅनिक ज्यात तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटला) लावलेला डोंगल: ट्रॅकर, मायलेज सांगणारं अ‍ॅप, काहीही. तो स्वतः थोडंच खातो, पण गाडीच्या नेटवर्कशी सतत बोलत राहतो आणि कुणालाच झोपू देत नाही. जागी राहिलेली गाडी दोन अ‍ॅम्पियर जरी खात असली तरी दहा तासांच्या रात्रीत वीस अ‍ॅम्पियर-अवर, पाव बॅटरी एका रात्रीत. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने किंवा फायनान्सवाल्याने डॅशबोर्डच्या मागे दडवलेला जीपीएस ट्रॅकरही शोधा. फास्टॅगवर लोक संशय घेतात, तो निर्दोष आहे. त्यात बॅटरीही नाही आणि तो गाडीच्या विजेला जोडलेलाही नाही.

उपाय: रोज चालणाऱ्या गाडीलाही चार्जर हवा

गळती नसेल, किंवा ती काढून झाली असेल, तर पुढचं सरळ आहे. आठवड्यातून एक रात्र गाडीला मेंटेनर चार्जर (बॅटरी भरून मग तशीच भरलेली ठेवणारा) लावा. चार्जर म्हणजे वर्षातून दोनदा चालणाऱ्या गाड्यांसाठी, हा समज सोडला पाहिजे. लहान फेऱ्यांवर असलेल्या गाडीला त्याची गरज अधिक आहे, कारण तिला पूर्ण भरायची दुसरी संधीच मिळत नाही. पोर्शे स्वतःच्या नावाने चार्जर विकते, फेरारीच्या गाड्यांबरोबर तर तो येतोच. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी हे गृहीत धरलेलं आहे.

पाच ते दहा अ‍ॅम्पियरचा, एजीएम मोड असलेला चार्जर घ्या. एक अ‍ॅम्पियरच्या खालचे बारके चार्जर भरलेली बॅटरी भरलेली ठेवतात, रिकामी रात्रीत भरत नाहीत. लावताना पॉझिटिव्ह बॅटरीला आणि नेगेटिव्ह बॅटरीच्या खांबाला नाही, तर बॉडीच्या अर्थ पॉइंटला. नेगेटिव्ह खांबावर एक सेन्सर बसलेला असतो जो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. त्याला वगळून थेट खांबाला चार्ज दिला तर बॅटरी भरते पण गाडीला ते कळत नाही, आणि स्टार्ट-स्टॉप बंद ठेवून ती बॅटरी कमी असल्याचंच सांगत राहते. पोर्शेच्या चार्जरला लायटर सॉकेटमध्ये बसणारी पिनही येते. तुमच्या गाडीत लॉक केल्यावर तो सॉकेट चालू राहतो का, हे मात्र मीटरने बघून घ्या.

खरी अडचण आपल्याकडे सॉकेटची. बंगलेवाल्यांना प्रश्न नाही. सोसायटीत स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत लाइन ओढायला कमिटीची परवानगी लागते, आणि स्पोर्ट्स कारच्या बॅटरीसाठी लाइन म्हटलं की बैठकीत चेहरे बदलतात. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी जिथे पॉइंट झालेत तिथे काम सोपं आहे; त्याच सॉकेटवर हा चार्जर चालतो आणि रात्रभरात अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास वीज घेतो. काहीच शक्य नसेल तर पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या, लिफ्टने खाली न्या आणि त्यावर चार्जर लावा. निम्मी बॅटरी भरायला सुमारे ५२० वॉट-अवर लागतात, तोटा धरून सहाशे-सातशे. म्हणजे तीनशे वॉट-अवरचा छोटा डबा एका फेरीत अर्धंच काम करेल, खरेदी करताना हे डोक्यात ठेवा. डॅशबोर्डवर ठेवायचं सोलर पॅनेल बेसमेंटमध्ये निरुपयोगी आहे. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावायचा सल्लाही मिळेल. ९११ ला तो मी कधीच सुचवणार नाही: अलार्म जातो, काचांची सेटिंग जाते आणि स्विच पुढच्या झाकणाखाली असला तर तो पुन्हा चालू करायला फ्यूज बॉक्सचा तोच खेळ.

बाकी सवयी: ट्रॅफिकमध्ये स्टार्ट-स्टॉप बंद करा. उभ्या गाडीत इग्निशनवर बसू नका. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तासाची सलग ड्राइव्ह कराच, पण ती बॅटरीसाठी नाही. ती तेलासाठी. या इंजिनात तेल भरपूर असतं. पाण्याचा काटा जागेवर आला तरी तेल बराच वेळ थंडच असतं, आणि शहरातल्या पंधरा मिनिटांत त्यातला ओलावा व पेट्रोलचा अंश उडून जात नाही. ब्रेक डिस्कवरचा गंज आणि टायरचा उभं राहून पडलेला चपटेपणाही त्याच ड्राइव्हमध्ये जातो.

नवीन बॅटरी टाकायचीच झाली तर

एजीएमच्या जागी एजीएमच, आणि क्षमता जुनीइतकीच. दुकानात साधी बॅटरी ‘बसते की’ म्हणून देतात. बसते, पण चार्जिंगचं व्होल्टेज एजीएमला धरून ठरलेलं असतं. उत्पादनाचा महिना बघून घ्या, दुकानात वर्षभर पडून असलेली बॅटरी नवीन नव्हे. बसवल्यावर गाडीच्या कंट्रोल युनिटला नव्या बॅटरीची नोंद द्यावी लागते, नाहीतर ती जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशेबाने नवीला चार्ज करते. ही नोंद केली का, हे बिलाच्या वेळी स्पष्ट विचारा. काचांची सेटिंगही करायची: काच पूर्ण वर नेऊन बटन क्षणभर तसंच वर ओढून धरायचं, दोन्ही बाजूंना. आणि बॅटरी सुटी असताना पुढचं झाकण चुकूनही लावायचं नाही. मेकॅनिकलाही आधीच बजावून ठेवा.

लिथियम बॅटरीचा मोह अनेकांना होतो. पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या मॉडेलांसाठी ती पर्याय म्हणून दिली: सहा किलोच्या आत वजन, नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून हलकी. पण तिची क्षमता होती १८ अ‍ॅम्पियर-अवर. सेल्फ मारायला ती जोरकस आहे. वर मांडलेला उभ्या गाडीचा खर्च मात्र तिच्यातूनही तेवढाच वजा होतो. ट्रॅकवर दहा किलो मोलाचे आहेत, कर्वे रोडवर नाहीत. बसवलेली असेल तर चार्जरही लिथियम मोडचाच हवा.

जूनच्या आधी एक काम करा. पुढच्या काचेखालची जाळी उचलून बॅटरीच्या कप्प्यालगतच्या पाणी वाहून जायच्या वाटा बघा. गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभी राहणारी गाडी असेल तर तिथे बारीक पानांचा लगदा बसलेला सापडतो. तो तसाच राहिला तर पावसाचं पाणी कप्प्यात तुंबतं, टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढते, आणि ओल्या कनेक्टरमधून सुरू झालेली गळती कोणत्याच मीटरवर एकसारखी दिसत नाही. हाताने लगदा काढा, तांब्याभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय याची खात्री करा. पुढच्या बंपरच्या जाळीतून रेडिएटरसमोर अडकलेली पानं आणि प्लास्टिकच्या पिशव्याही त्याच वेळी काढा, म्हणजे पंखे कमी फिरतील.

महिनाभर परगावी किंवा मुलांकडे परदेशी जाणार असाल आणि चार्जर लावून ठेवणं शक्य नसेल, तर निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा, डॅशकॅमची वायर आणि ओबीडी डोंगल काढा, चाव्या गाडीपासून लांब ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. शेजाऱ्याला ‘मधूनमधून पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा’ असं सांगू नका: दर खेपेला गाडी जागी होण्याचा खर्च पडतो, आयडलवर तो भरून निघत नाही, आणि थंड इंजिनात पाणी साचतं. सांगायचंच असेल तर पॉवर स्टेशन आणि चार्जर त्यांच्याकडे देऊन ठेवा, पंधराव्या दिवशी एकदा लावायला.